मागचं गेट आणि देवीचं माहेर

२ सप्टेंबर

सोसायटीची सेक्रेटरी होऊन महिना झाला. सरकारी ऑफिसात बत्तीस वर्षं इतिवृत्तं लिहिली, त्याची ही शिक्षा. "मॅडमना अनुभव आहे," म्हणाले आणि सगळ्यांनी हात वर केले.

चौकात गणपतीला तोबा गर्दी. रांग आमच्या पुढच्या गेटपर्यंत. मागच्या गावात जाणारी माणसं पुढच्या गेटने आत, मागच्या गेटने बाहेर, बिनधास्त. बी विंगच्या नळावर एका कुटुंबाने पाय धुतले, बाटल्या भरल्या, आणि वर मलाच विचारलं, "बाथरूम कुठंय?"

चेअरमन सावंत (यापुढे चे.) सकाळी सातला तक्रार घेऊन दारात. नोंद घेतली.

२७ सप्टेंबर

चौकात गरबा. कामोठ्यातली निम्मी तरुण मंडळी आरसे लावून फिरतायत. बाइक मागच्या गेटने आत आणून लावतात. चे. च्या नव्या गाडीला लांबलचक ओरखडा. ते रडायचेच बाकी होते.

००३ च्या हिराबाय ओट्यावर खुर्ची टाकून सगळं बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढे. आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांच्या जागेवर, बदल्यात तळमजल्याचा हा एक फ्लॅट. मला म्हणाल्या, "बस गो पोरी." एकसष्टाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. बसले. उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. नोटीस लिहायची होती ती राहिली.

६ ऑक्टोबर

कोजागिरी, टेरेसवर. दूध पातळ, भाषणं दाट.

चे. नी विषय काढला : मागचं गेट काढून तिथे भिंत. "सण चौकात करा ना, आमच्या पार्किंगमध्ये कशाला?" टाळ्या. मलाही पटलं. हे इथे लिहून ठेवते.

सु. ला (आमच्या नवऱ्याला) पटलं नाही. तो म्हणाला, माणसं चालतात म्हणून रस्ता असतो. त्याला म्हटलं, मग तू हो सेक्रेटरी.

११ डिसेंबर

हिराबाय बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडला. मुलगा उरणला कंटेनर यार्डात असतो, तो येऊन घेऊन गेला. ऑपरेशन तिकडेच.

येता-जाता ओट्याकडे बघायची सवय लागलीय, ते आज कळलं.

२६ जानेवारी

झेंडा, जिलेबी, लगेच सभा. भिंतीचा ठराव एकमताने मंजूर. नोटीस महिनाभर आधी ग्रुपवर टाकली होती. हरकत एकही नाही. सूचक चे., अनुमोदक ए विंगचे डॉक्टर. इतिवृत्त अर्ध्या तासात पूर्ण.

११ फेब्रुवारी

भिंत झाली. गवंडी रमेश, लातूरकडचा, कामाला चोख. कामाच्या पत्रावर सही माझी. गावच्या बाजूने दोन पोरी शाळेतून आल्या, भिंतीसमोर थांबल्या, वळसा घालून गेल्या.

पार्किंगमध्ये शांतता. चे. खूश.

१९ मार्च

पाडवा. शोभायात्रा, ढोल, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका. गॉगल सगळ्यांचे सारखेच.

हिराबाय परत आल्या. वॉकर धरून दारापर्यंत येतात, पायरी उतरता येत नाही. मी भेटायला गेले तर बसायच्या आधीच विचारलं, "यो गेट कनी बुजवला?"

म्हटलं, सोसायटीनं.

"सोसायटी म्हंजे कोन?"

चहा न घेताच आले.

२२ मार्च

गावकीची दोन माणसं आली होती, पालखीचं विचारायला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणजे दरवर्षी दिसतं पण कधी विचारलं नाही. ते असं :

चैत्रातल्या शेवटच्या मंगळवारी गावदेवीची पालखी निघते. हिराबायच्या सासऱ्यांचं घर हे देवीचं माहेर. आता घर नाही, पण जागा तीच, म्हणून पालखी ००३ समोर थांबते आणि घरातली थोरली बाई ओटी भरते. पालखी आल्या वाटेने परत फिरत नाही. माहेराला पाठ दाखवायची नाही. पुढच्या गेटने आत, मागच्या गेटने बाहेर. बिल्डिंग झाल्यापासून असंच.

"वाट नसंल तं पालखी आत येनार नाय, मॅडम. हिराकाकूला रस्त्यावं आनता येतंय का?"

येत नाही. डॉक्टरांनी खुर्चीतून उठवायलाही माणूस सांगितलाय.

जुनी फाइल काढली. नोटीस फक्त ग्रुपवर गेलेली. हिराबायकडे बटणांचा फोन. ज्या एकाच घराची हरकत असती, त्या एकाच घरी आपण नोटीस दिली नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असली चूक केली नव्हती. रात्रभर चिडचिड, स्वतःवरच.

२९ मार्च

कमिटी मीटिंग. मी म्हटलं, भिंतीत चार फुटांची वाट ठेवू, लोखंडी दार लावू, कुलूप लावू, वर्षातून एकदा उघडू.

चे. : आज पालखी, उद्या वरात. ठराव म्हणजे ठराव.

डॉक्टर : खिडकीतून नाही का भरता येणार ओटी?

मग चे. जरा हसून म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही तर बौद्ध. तुम्हाला काय एवढं पडलंय पालखीचं?"

खोलीत सगळे फाइलींमध्ये बघायला लागले. मी म्हटलं, पालखीचं नाही, सहीचं पडलंय. मत घेतलं. पाच विरुद्ध एक.

घरी येऊन सु. ला सांगितलं, आणि मग फार राग आला, तिथे यायला हवा होता तेवढा. आमच्या आजोबांना त्यांच्या गावात कुठल्या वाटेने जायचं आणि कुठल्या नाही हे दुसऱ्यांनी ठरवलेलं होतं. वाट बंद करण्याच्या कागदावर माझी सही असावी, हे मला सहन होत नाहीये. देवीबिवी नंतर.

५ एप्रिल

हिराबायकडे. मीच सांगितलं : मावशी, सोसायटी म्हणजे मी. पत्र माझं, सही माझी.

मग म्हणाल्या, "मना एक पावट सांगाचा व्हता ना गो." मला एकदा सांगायचं होतंस. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर आपणच म्हणाल्या, यंदा देवी आत आली नाही तर पुढे येणारच नाही. एकदा मोडलं की लोक म्हणतात सोय झाली.

८ एप्रिल

या वर्षी तो मंगळवार आमच्या जयंतीच्याच दिवशी, १४ तारखेला येतोय. म्हणजे सकाळी विहारात आम्ही, चारला गावाची पालखी, सहाला चौकातून आमची मिरवणूक. पोलिसांनी दोन्ही मंडळांना बोलावून वेळा वाटून दिल्या. दोघांचा डीजेवाला एकच निघाला.

चे. चैत्यभूमीला जाणाऱ्या आमच्या लोकांना दरवर्षी स्वतः पाणी वाटतात, हेही लिहायला हवं. माणूस वाईट नाही. गाडी मात्र जिवापाड.

१४ एप्रिल

पहाटे उठून पांढरी साडी. विहारात वंदना, खीर. साडेनऊला रमेशला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मीच बांधली, मीच पाडू?" म्हटलं, चारच फूट.

साडेदहाला पहिला घाव. बाल्कन्या भरल्या. चे. खाली आले. ओरडले नाहीत. "लेखी परवानगी दाखवा." मी म्हटलं, लेखी काहीच नाही, जबाबदारी माझी. त्यांनी मोबाइलवर फोटो काढले, माझाही काढला, वर गेले. मी तिथेच उभी. पदर सिमेंटने माखला.

चार वाजता पालखी आली. पुढच्या गेटवर क्षणभर थबकली, गावकीच्या माणसाने आत येऊन वाट बघितली आणि हात केला. हिराबाय दारात खुर्चीवर, हिरवं लुगडं, कपाळ रिकामं. कुणीतरी मागून म्हणालं, विधवेनं कशी... त्या मोठ्याने म्हणाल्या, "आय हाय मी तिची!" ओटी भरताना नारळ निसटला. मी बाजूलाच होते, त्यांचं कोपर धरलं. तसंच धरून ठेवलं शेवटपर्यंत. त्या रडत होत्या. मीसुद्धा, का कोण जाणे.

पालखी वाटेतून तिरकी करून काढली. एका भोयाचा खांदा विटेवर खरचटला. गेली गावात.

गर्दी पांगल्यावर हिराबायनी माझा हात सोडला नाही. "पुढल्या वर्साला तू भर."

मी म्हटलं, मावशी, मी देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही.

"मान म्हनून कंदी सांगतंय? लेक दारान आयली तं रिती धाडशील?"

सून नाही का, विचारलं. म्हणाल्या, सून यायची नाही, पाच वर्षं आली नाही. सहाला आमची मिरवणूक होती, साडी झटकली आणि गेले. नाचलेसुद्धा थोडी.

१७ एप्रिल

चे. चं पत्र. पंधरा दिवसांत भिंत पूर्ववत करावी, लेखी खुलासा द्यावा. ३ मेला विशेष सभा. पत्राची भाषा चांगली आहे, मीच शिकवलेली.

ग्रुपवर दोन तट. चौदा जण म्हणतात वाट राहू दे. बाकीचे गप्प, म्हणजे विरोधात.

२० एप्रिल

हिराबायना मुलगा कायमचा उरणला नेतोय. फ्लॅट भाड्याने देणार. रिक्षात बसवताना मी पाठीमागे उशी लावली. त्यांनी विचारलं, "काय ठरवलास?" मुलगा म्हणाला, आये, चल आता, ट्राफिक लागंल.

सभेचा अजेंडा लिहायला बसले. विषय क्र. १ : मागच्या भिंतीतील वाट कायम ठेवणेबाबत. विषय क्र. २ लिहिला : पालखीचे वेळी ओटी कोणी भरावी. मग खोडला. ते सभेने ठरवायचं नाही. चौदाव्या वर्षी वडिलांच्या शेजारी उभी राहून प्रतिज्ञा म्हटल्या, त्यातली एकही मला मोडायची नाही. आणि त्या बाईला नाही म्हणायला तोंड उघडत नाही.

सु. ला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

उरणचा पत्ता घेतलाय. रविवारी जाऊन सांगेन. काय सांगेन, ते अजून माहीत नाही.