मामांच्या गाडीचं ऑइल सील

२६ जून १९७७, रविवार

मामा, म्हणजे माझे सासरे, आज आखाडा बाळापूरहून स्वतः गाडी चालवत कळमनुरीला आले. एका डोळ्याने. दुसऱ्यात मोतीबिंदू आहे. विलायती गाडी, हिरवी, दोनच सीटची, स्पोर्ट मॉडेल. निजामाच्या काळात मामा एका जहागीरदाराचे ड्रायव्हर होते. जहागीरदार मुलूख सोडून जाताना गाडी मामांना देऊन गेले. आता मामा ऑपरेशनला हैदराबादला चालले. बाळापूरला पुतणे हात लावतील म्हणून गाडी आमच्या गोठ्यात ठेवली.

निघताना म्हणाले, "जावईबापू, ताडपत्री काढायची न्हाई." एवढंच. मामांचा आवाज असा आहे की एवढंच मला आठ दिवस पुरतं.

माझी बायको आशा म्हणाली, आबांनी गाडी इथं ठेवली कारण जावई भित्रे आहेत, हात लावायचे न्हाईत. चूक. याला विश्वास म्हणतात.

२८ जून, मंगळवार

ताडपत्री काढली. फक्त बघायला.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. (मोटार मेकॅनिकचं हिंदी पुस्तक मी दोनदा वाचलं आहे.) त्याखाली जमिनीवर तेलाचा डाग, रुपयाएवढा. म्हणजे तेल अडवणारं ऑइल सील गेलं. मामा परत येऊन म्हणणार, तुमच्या गोठ्यात ठेवली अन् गळायला लागली.

निश्चय: मामा यायच्या आत सील बदलायचं. कुणालाही कळू द्यायचं नाही.

वेळ भरपूर आहे. ऑपरेशन जुलैत. सतरा जुलैला अधिक महिना लागतो. मामा अधिक पाळणारे, त्या महिन्यात कशाला बाहेर पडतील? म्हणजे पंधरा ऑगस्टपर्यंत काळजी नाही. तहसील ऑफिसात बारा वर्षं लोकांना तारखा देतो आहे, माझी तारीख चुकत नाही.

३ जुलै, रविवार

भोपळा उघडला. आतून दोन सील निघाली. सील रबराचं असतं असं पुस्तकात आहे, ही चामड्याची निघाली. हातात घेताच पापडासारखी चुरली. यात माझा दोष नाही, ती चुरायलाच टेकली होती.

पुरावा नको म्हणून चुरा बंबात टाकला. आशाने विचारलं, करपल्याचा वास कशाचा? म्हणालो, सर्व्हिसिंग.

५ जुलै, मंगळवार

पोटदुखीची रजा टाकली. पोट खरंच दुखत होतं.

एस.टी.ने कनेरगाव नाक्याला गेलो. तिथे भावसिंग मिस्त्री ट्रक दुरुस्त करतो. त्याला 'एका मित्राची गाडी' म्हणून सांगितलं. मी पट्टीने घेतलेलं भोकाचं माप बघून म्हणाला, "ह्ये ट्रकचं न्हाई, ट्रॅक्टरचं न्हाई, जीपचं बी न्हाई. इंचातला जुना माल हाय, भेटायचा न्हाई. गोरेगावच्या सोनाजीकडं जा. पंपाचे चामडी वायसर कापतो तो, बराबर करून दील."

विलायती गाडीला हातपंपाचं वायसर! मी हसलो. शेवटी त्याने विचारलं, "मित्र म्हंजे बाळापूरचे माणिकराव तर न्हवं?" माणिकराव म्हणजे मामाच. हसणं जागच्या जागी थांबलं. पुढची एस.टी. पकडली.

१४ जुलै, गुरुवार

मुंबईच्या एका स्पेअर पार्टवाल्याला माप कळवलं होतं. आज पार्सल आलं. गाडीचा भाग असाच मागवायचा असतो, टपालाने, लेखी. सील नवीकोरी, काळी, चकचकीत.

आशाच्या मनगटात सहज गेली. कोपरापर्यंत.

हरकत नाही. अजून एक महिना आहे.

१७ जुलै, रविवार. अधिक लागला

सकाळी आशाने आबांचं पोस्टकार्ड हातात दिलं. काल आलेलं, ती द्यायला विसरली. ऑपरेशन झालं, डोळा छान आहे. एकतीस तारखेला जावयाला धोंडे जेवू घालायचे आहेत. एरवी जावई सासरी जातो, पण गाडी इकडे आहे म्हणून यंदा धोंडे तुमच्याच घरी. जेवण झालं की जावईबापूंना गाडीत बसवून बाळापूरला आणीन.

अधिक महिन्यात जावयाला धोंडे असतात. जावई मी आहे. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्याच मानपानासाठी मामा पंधरा दिवस आधी येत आहेत.

आशा म्हणाली, "आवं, काहून घामाघूम होऊन राहिले तुमी? धोंडेच खायचे हायेत ना?"

मला फार भीती वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

२० जुलै, बुधवार

गोरेगावला गेलो. सोनाजी झाडाखाली बसून चामडं कापत होता. म्हातारा माणूस, हात मात्र स्थिर. म्हणाला, अशी सीलं त्यानं जुन्या गाड्यांना मागं करून दिली आहेत. पण चामडं आठ दिवस तेलात मुरवावं लागतं आणि जुनं सील तरी पाहिजे. जुनं बंबात गेलं असं सांगता येईना. मग म्हणाला, "मीच येतो की कळमनुरीला. भोक बगून कापतो."

तेवढ्यात बाजाराला आलेला बाळापूरचा एक माणूस तिथे थांबला आणि सोनाजीला रामराम करून म्हणाला, कोणाची गाडी? मी म्हणालो, कुणाची नाही. सोनाजीला म्हणालो, येऊ नका. आणि निघालो.

सोनाजी घरी आला असता तर तासाभरात बाळापूरला बातमी गेली असती. मी योग्यच केलं.

२६ जुलै, मंगळवार

भावसिंगकडून जीपची दोन सील आणली. तो नको म्हणत होता. किंचित मोठी आहेत. केसभर. रबर दबतं.

निश्चय: गुरुवारी बसवणं. शुक्रवारी तेल भरणं. शनिवारी ताडपत्री. रविवारी धोंडे.

जेवण जात नाही. रस्त्यावर कुणी मोठ्याने बोललं की मामा आले असं वाटतं. काल ऑफिसात तहसीलदारांनी हाक मारली तर मी "ताडपत्री काढली नाही" असं म्हणालो.

२८ जुलै, गुरुवार

पहिलं सील अर्धं बसलं. उरलेलं हातोडीने, खाली लाकूड धरून, अगदी हलके. पुस्तकात असंच आहे.

पाचव्या ठोक्याला टक् असा आवाज आला.

भोपळ्याला तडा. वरून खालपर्यंत. बोटाचं नख जातं.

गोठ्यात किती वेळ बसलो माहीत नाही. म्हैस माझ्याकडे बघत होती.

३० जुलै, शनिवार

ट्रकवाले तेलाच्या टाकीची फट साबणाने बुजवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तड्यात अंगाचा साबण भरला, वर चिंधी, वर काळा रंग. लांबून काही दिसत नाही. मामांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, आणि त्यांना वाकायला मनाई असणारच. एकंदरीत परिस्थिती आटोक्यात आहे.

तेल भरलं नाही. भरलं तर राहील असं वाटत नाही.

३१ जुलै, रविवार. संध्याकाळ

मामा आणि सासूबाई सकाळच्या एस.टी.ने आले. मामांना काळा चष्मा. पाटावर बसवून सासूबाईंनी मला ओवाळलं, तेहतीस धोंड्यांचं ताट पुढे ठेवलं आणि मामांनी वाण म्हणून हातात कागदाची पुडी दिली. उघडली.

दोन ऑइल सील. चामड्याची, पत्र्याच्या कड्यातली, तेलात मुरलेली.

मामा म्हणाले, गाडी दोन वर्षं झाली गळून राहिली. जुनं चामडं हात लावला की चुरतं, म्हणून ताडपत्री काढू नका म्हणालो होतो. ही सीलं हैदराबादच्या गुजरीत, जुन्या बाजारात सापडली. ऑपरेशन चार दिवस पुढं ढकलून हुडकली, डोळ्यानं नीट दिसत नव्हतं तर बोटानं चाचपून घेतली. मग म्हणाले, "लग्नात तुमाला काही देणं झालं न्हाई. जेवा. मग दोघं मिळून बसवू. ह्ये बसलं की गाडी तुमची."

मी जेवण संपवायचं नाही असं ठरवलं. अकरा धोंडे खाल्ले. सासूबाई खूश. बाराव्याला मामा हात धुऊन गोठ्याकडे गेले. ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

मी गेलो तेव्हा ते आडवे होऊन भोपळ्यावरून बोट फिरवत होते. साबण बोटाला लागला. त्यांनी वास घेतला. मी डोळे मिटून ओरडण्याची वाट बघत राहिलो. ते ओरडले नाहीत. साबण धोतराला पुसला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला इचारायचं तरी व्हतं."

इतकी भीती मला त्यांच्या मोठ्या आवाजाची कधी वाटली नव्हती.

चार वाजता शेजारच्या ग्यानबाची बैलजोडी गाडीला जुंपली. स्टिअरिंगवर मामा, बाजूच्या सीटवर सासूबाई. आशा रडत होती. मी पुडी परत द्यायला पुढे झालो, तर मामा समोर बघत म्हणाले, "दिलेलं वाण वापस घेत न्हाईत." बैल निघाले.

सील माझ्या टेबलावर आहेत. आत्ताच पट्टीने मोजली. माप तंतोतंत जुळतं.