इंजिनाचं गोड पाणी

माय,

पुक् पुक् पुक्, मग एक ठोका गाळून पुन्हा पुक् पुक्. आपल्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा तो आवाज आज सकाळपासून माझ्या कानात चालू आहे आणि मला एका जागी बसवत नाही. धुराड्याच्या तोंडावर बानं उपडं ठेवलेलं मडकं, त्यातून उठणारा तो पोकळ आवाज पूर्णा नदीच्या पार पलीकडे जायचा, आणि तिकडच्या बाया तो ऐकूनच दळणाचे डबे डोक्यावर घ्यायच्या. शाळेतल्या कविता मी त्याच तालावर पाठ केल्या. गिरणीच्या तोंडात ज्वारी पडली की इंजिनावर भार यायचा, ठोके लांबायचे, मीही ओळ लांबवायचो. ज्वारी संपली की कविता धावत सुटायची. गुरुजी म्हणायचे, 'हा पोट्टा मधातच दमते काऊन?' आता गुरुजींना काय सांगू, की दमते ती ज्वारी, मी नाही.

आत्ता मे महिना आहे. मोताळ्याच्या रस्त्यावर दुपारचं कुत्रंही नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे आणि आत माझी सून कम्प्युटरपुढे बसली आहे. तुझ्या नातवाची बायको, माय. तू तिला पाहिलं नाहीस, अमडापूरची आहे. ती घरांची चित्रं करते, म्हणजे अजून न बांधलेल्या घरांची. भिंतीवर ऊन कसं पडेल, ओट्यावर कढई कशी दिसेल, खिडकीतून झाड किती आत येईल, हे ती पडद्यावर असं उभं करते की मला वाटतं, चपला काढून आत जावं. पण ते चित्र पक्कं होताना कम्प्युटर तासन् तास गणितं करत बसतो आणि तापतो. गेल्या उन्हाळ्यात रोज दुपारी तो तापून आपोआप बंद पडायचा आणि अर्धं झालेलं काम जायचं. ए.सी. बसवून पाहावा म्हटलं, तर आमच्या गल्लीत दुपारचं व्होल्टेज इतकं पडतं की ए.सी. नुसता कण्हतो. पुण्यातली एक कंपनी म्हणते, इकडे या, थंड खोलीत बसा. दुसरी म्हणते, घरूनच करा, पण आधी एक काम वेळेत करून दाखवा. ते काम आज आहे. संध्याकाळपर्यंत एका घराची छोटी फिल्म तिनं त्या कंपनीला पाठवायची आहे. गेली तर ती दोघं इथं राहतील. नाही गेली तर तुझा नातू इथली नोकरी सोडायला तयारच बसला आहे. माझी बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मग या घरात मी एकटा, आणि भिंतीवर फोटोत तुम्ही दोघी.

म्हणून मी लिहायला बसलो, दुसरं काही सुचेना.

झालं असं, की दिवाळीनंतर ती मला मोबाइलवर काहीतरी दाखवत होती. कुठल्याशा देशातल्या पोरानं कम्प्युटरच्या पोटातून पाण्याच्या नळ्या फिरवल्या होत्या. पाणी आत जाताना थंड, बाहेर येताना गरम. मी म्हटलं, 'हे त आपल्या गिरनीचं इंजिन आहे.' ती हसली. 'मामाजी, याले लिक्विड कूलिंग म्हणतात.' 'हाव, मंग तेच त सांगून राह्यलो. आमच्या इंजिनाले हौद होता.' ती थांबली. 'कसा होता हौद?' असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगमध्ये माझी उभी हयात यंत्रांशेजारी गेली, पण घरात त्याबद्दल कोणी विचारत नाही. आणि कविता म्हणायला लागलो की तुझा नातू टीव्हीचा आवाज वाढवतो. मी तिला सगळं सांगितलं. हौद सांगितला, इंजिनाभोवती फिरून कोमट होऊन परत येणारं पाणी सांगितलं, थंडीत त्यात हात बुडवून बसणारी आम्ही पोरं सांगितली.

आणि तुझी घागर सांगितली. आपल्या गावचं पाणी खारं. विहीर खारी, नदीतला झिरा खारा. ते पाणी इंजिनाला पाजलं की त्याच्या पोटात पांढरा थर धरायचा आणि ते बसायचं. म्हणून इंजिनासाठी गोडं पाणी लागायचं, आणि ते पार शिवेपलीकडच्या विहिरीवरून तू डोक्यावर आणायचीस. इंजिन गोडं प्यायचं, आपण खारं. आपल्या चुलीवर तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजायची नाही. वाटीत दाणे वेगळे आणि पाणी वेगळं. एकदा तू इंजिनाच्या पिंपातून गुपचूप तांब्याभर पाणी काढून डाळीत घातलंस. त्या दिवशी वरण असं लागलं की मी ताट चाटलं. बाला पिंप पाहूनच कळलं. जेवता जेवता म्हणाला, 'इंजिनाले खारं पाजलं त बसते ते, समजते का तुले?' तू भाकर थापत होतीस. मागं न पाहता म्हणालीस, 'आमी नाही बसलो अजून.'  बानं वरण आणखी एकदा मागून घेतलं.

 हे ऐकून सून म्हणाली, 'मामाजी, करून पाहू.' तयार सामानाची किंमत पाहिली तेव्हा तिनं मोबाइल पालथा ठेवला. मग आम्ही आमच्या पद्धतीनं निघालो. मी भंगारातून जीपचा रेडिएटर आणला, मोठ्या ऐटीत. तिनं नखानं खरवडून पाहिला. 'हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आपला ठोकळा तांब्याचा. एका पाण्यात दोघं नांदत नाहीत, एकमेकाले खातात.' गेला रेडिएटर परत. तो तांब्याचा ठोकळा, जो कम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर बसतो, तिनं कोणाकडून तरी वापरलेला मिळवला. नळी मी आणली, गवंडी जिच्यात पाणी भरून भिंतीची लेव्हल काढतात ती पारदर्शक. क्लॅम्प फवारणीच्या पंपाचे. पंप मासे पाळायच्या पेटीतला, तो झाकणाच्या बरणीत बुडवलेला. आतून फिरायला बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी. आणि रेडिएटरच्या जागी काय, तापून आलेलं पाणी गार कशात करायचं, यावर दोन दिवस अडलं. तेव्हा मला पाणघरातला रांजण आठवला. मी म्हटलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं करून रांजणात सोडू. रांजण तर या उन्हात आपोआप गार होतो, जितकं ऊन कडक तितका जास्त. तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी गणित केलं आणि म्हणाली, 'मामाजी, हे त त्या परदेशातल्या पोट्ट्याले बी नाही सुचलं.' माय, मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

रांजण कुठल्या पाण्यानं भरायचा, यात मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. बोअरचं पाणी घातलं की चार दिवसांत रांजणाच्या अंगावर पांढरं फुलतं, त्याची छिद्रं बुजतात आणि तो पाझरायचा थांबतो. तू म्हणायचीस, रांजण आंधळा झाला. म्हणून विकतच्या पाण्याचे जार आणले. तुझ्या नातवानं दारातच गाठलं. 'बाबा, पाहुण्याले नळाचं, अन् कम्प्युटरले जारचं? वा बाप्पा, मजा आहे त्याची!'  तुझं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते तुझ्या तोंडी शोभत होतं, माझ्या नाही.

नळ्या कापताना मी सवयीनं कविता म्हणायचो. सून क्लॅम्प आवळता आवळता ऐकायची, आणि मी ओळ चुकलो की पेचकस थांबायचा. 'परवा वेगळं म्हटलं होतं तुमी.' तूही अशीच पकडायचीस. विहिरीच्या वाटेवर मी तुझ्यामागून लहान चरवी घेऊन चालतो आहे, हातवारे करत कविता म्हणतो आहे, चरवीतलं पाणी सांडतं आहे, आणि तू मान न वळवता, घागर न हलवता म्हणतेस, 'हातानं कविता म्हनू नको, तोंडानं म्हन.' तुला अक्षर येत नव्हतं. पण माझ्या पुस्तकातल्या सगळ्या कविता तुला येत होत्या, त्या वाटेनं आल्या. पुढं गावात वीज आली, गिरणीला मोटर बसली, आणि मोटरला पाणी लागत नाही. मी तुला म्हटलं, माय, सुटलीस. तू चुंबळ खुंटीला अडकवत म्हणालीस, 'सुटली काय बापू, आता तुही कविता कोन्या वाटेनं आयकू?' तेव्हा मला हसू आलं होतं. मी हायस्कूलला निघून गेलो, तू घरापुरती एक घागर शेजारणींसोबत आणत राहिलीस. आज सकाळपासून ते वाक्य खोलीत माझ्यामागं फिरतं आहे.

कारण आता नळ्या लावून झाल्या. गेल्या आठवड्यात प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल ठेवून, कम्प्युटरला वीज न देता नुसता पंप चालवून पाहिला. आम्ही दोघं वाकून रुमाल बघत बसलो, एकही भिजला नाही. ती टाळ्या वाजवत उठली आणि मी मनात म्हटलं, एखादा भिजायला हरकत नव्हती. आणखी दोन दिवस काम निघालं असतं. हा वेडेपणा आहे, मला कळतं. यंत्र चाललं तरच ती राहणार, आणि मला हे काम संपू नये असंही वाटतं.

आत्ताच पुन्हा उठून गेलो होतो. रांजणावर हात ठेवला. सकाळी अंगावर काटा यावा इतका गार होता, आता वरचा भाग कोमट लागतो. भोवतीचं पोतं भिजवलं, पंखा त्याच्याकडे वळवला, आणखी एक जार ओतला. सून पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, 'मामाजी, तुमी आता इथं येऊ नका बरं. तुमी आले का मलेच धडधड होते.' 'किती झालं?' 'अर्ध्याच्या वर गेलं. बंद नाही पडलं. जा तुमी, लिहा तुमची कविता.' पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं, त्यात कोणी नव्हतं, खिडकीतून ऊन येत होतं. मी थोडा वेळ दारात उभा राहून ते ऊन पाहिलं.

बाहेर कडी वाजते आहे. या उन्हात कोण? मुलगा तर ऑफिसातून दिवे लागल्यावरच येतो. बघून येतो.

आलो. टेम्पोवाला होता. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, हातात मोजपट्टी. म्हणाला, 'बाबाजी, पुन्याले सामान न्याचं ते घर हेच ना? साहेबानं सांगतलं, एकडाव पाहून घे. कम्प्युटर लय नाजूक आहे म्हने, त्याच्या खोक्याचं माप घ्याले आलो.' साहेब म्हणजे तुझा नातू. म्हणजे संध्याकाळ होण्याची वाटही त्यानं पाहिली नाही. मी दारात दोन्ही हात पसरून उभा होतो, हे मला नंतर लक्षात आलं. सांगता आलं असतं, की अजून काही ठरलं नाही, की फिल्म अर्ध्याच्या वर गेली आहे. त्याऐवजी मी म्हटलं, 'हे घर नव्हे भाऊ. मागच्या गल्लीत पाहा.' तो म्हणाला, 'नंबर त हाच देला होता,' आणि तरी गेला. लांब जाणार नाही. कडुलिंबाखाली उभा राहून फोन लावेल, आणि येईल परत.

आतून सून विचारते आहे, 'मामाजी, कोन होतं?' पंप चालू आहे, ऐकू येतो. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. इतक्या महिन्यांत तिला एकदाही म्हटलेलं नाही की पोरी, जाऊ नको; नळ्यांचं, क्लॅम्पचं बोलत राहिलो. हा कागद तर मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुझ्याकडे तो पोचवणारं कोणी नाही, म्हणून तुलाच सांगून ठेवतो, माय. मी खोटं बोललो, आणि तो परत आला तर पुन्हा हेच बोलणार आहे.