झटक्याआधीची उबळ

८ जानेवारी

काल चर्चमध्ये पुन्हा तेच! आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळची प्रार्थना. फादर म्हणाले, "आता क्षणभर शांतता." आणि मी — हुप्!

खांदा असा उडाला की शेजारच्या ओक्सानाबाईंची टोपी पुढच्या बाकावर. तिथल्या म्हाताऱ्यानं ती उचलून शांतपणे स्वतःच्या डोक्यावर घातली! मला हसू आवरेना.

तातोंना आवरलं. माझ्या बापाला सगळंच आवरतं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "ओरिसिया, ईस्टरला तू घरीच थांब. लोकांना देवाशी बोलायचं असतं."

चौतीस वर्षांची बाई मी. रडले नाही. हुप् हुप् मात्र घर येईपर्यंत.

१४ जानेवारी

विद्यापीठातून फोन. डॉक्टर ओकाम्पो म्हणून एक बाई आहेत, टुरेटवाल्यांचे — म्हणजे माझ्यासारखे झटके येणाऱ्यांचे — मेंदू बघतात. "आम्हाला झटक्यात रस नाही. त्याच्या आधी जी उबळ येते, ती मोजायचीय."

उबळ! आजवर एकानं विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, "असं का करतेस?" करण्याआधी काय होतं ते कुणाला हवंय! शिंक खांद्याच्या हाडात अडकून बसावी, तसं. झटका दिला की सुटका. घटकाभर.

तुलनेसाठी घरातलं बिनझटक्याचं माणूसही हवंय म्हणे. आई गेल्यापासून घरात आहे कोण? तातो.

१५ जानेवारी

"माझ्या डोक्यात बघण्यासारखं काय आहे?" — तातो.

"काहीच नाही. म्हणूनच हवंय."

खूश झाले! शेजारच्या स्टेफानला कुंपणावरून ओरडून सांगितलं, "विद्यापीठानं मला बोलावलंय. नॉर्मल म्हणून!"

२ फेब्रुवारी

विनिपेगात उणे तीस. तातो लग्नातला कोट घालून आले. डोकं तपासायला कोट!

आधी मला कॅमेऱ्यासमोर बसवलं. "मोकळेपणानं झटके येऊ द्या." आणि काय सांगू — एक नाही! खांदा मेला जणू. डॉक्टरबाई गोड आवाजात, "काही घाई नाही हं." त्यांची विद्यार्थी पोरं वह्या घेऊन आशेनं माझ्याकडे बघतायत. मला मेल्याहून मेल्यासारखं!

शेवटी काचेपलीकडून तातोच ओरडले, "अगं कर ना! घरी तर थांबत नाहीस!"

जन्मभर "गप्प" म्हणणारा बाप! मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात एक निसटला. हुप्! आतली सगळी मंडळी टाळ्या वाजवायला लागली.

मग मेंदूचं चित्र काढणाऱ्या मोठ्या नळकांड्यात. "आता अजिबात हलायचं नाही." झालं! सगळ्या उबळी रांग लावून हजर. हातात एक चकती दिलेली — उबळ वाढली की फिरवायची. मी कॉफी दळल्यासारखी फिरवली.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी चित्र दाखवलं. मेंदूच्या घडीत खोल एक पट्टा. अंगात आतून काय खुपतंय, ते तिथं कळतं. टुरेटमध्ये तिथला थर पातळ असतो, आणि जितका पातळ तितकी उबळ जोरात, असा त्यांचा कयास. म्हणजे मी वाईट वळणाची नाही. पातळ आहे!

मग तातो आत गेले. पुतळा! बोटसुद्धा हललं नाही. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं एक मुलगा धावत नवी चकती घेऊन गेला. मग डॉक्टरबाई स्वतः गेल्या. दारातून ऐकू आलं, "मिस्टर हॅवरिश, चकती नीट चालते. आम्ही तपासली."

"सैल आहे. आपोआप फिरते."

"ही दुसरी आहे."

"दोन्ही सैल!"

बाहेर आले ते घामाघूम. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कधी बोलावंसं वाटलं तर या." तातोंनी कोटाची सगळी बटणं लावली. "चकत्या म्हणजे परदेशी माल," म्हणाले.

३ फेब्रुवारी

तातो जेवले नाहीत. विचारलं तर, "चकत्या," एवढंच.

९ फेब्रुवारी

अजून घुम्मच. रागावलेत वाटतं. मी नेलं म्हणून? नेलंच नसतं तर बरं.

१५ फेब्रुवारी

सकाळी तातो म्हणाले, "बूट घाल." तळ्यावरच्या बर्फात त्यांचं मासे धरायचं खोपटं आहे. दर शनिवारी एकटे जातात, कुणाला नेत नाहीत. आज मला नेलं. दार लावलं, कडी घातली. गळ उचललासुद्धा नाही.

"जरा मागे सर," म्हणाले.

आणि सुटले! मान, खांदे, दोन्ही हात — आणि घशातून कुत्रं भुंकावं तसा आवाज. बराच वेळ. मी भिंतीला चिकटून. मग माझंही सुरू झालं. खोपटं हलत होतं!

थांबल्यावर तोंड पुसलं त्यांनी.

"आईला माहीत होतं?"

"नाही," म्हणाले. "तिला वाटायचं, मला मासे आवडतात."