कारणाचा रकाना

आई,

१. धाकटी तीन वर्षांची असताना एका रविवारी तू तिला घरीच पोलिओचे थेंब पाजलेस.
२. महिन्याभराने तिला ताप आला. चौथ्या दिवशी डावा पाय उचलेना.
३. तिच्या शौचाचे दोन नमुने तपासायला गेले. उत्तर आलं: पोलिओ नाही, त्याच कुळातला दुसरा विषाणू, एंटेरोव्हायरस. कोणता, ते लिहिलं नव्हतं.
४. तू जाऊन अकरा वर्षं झाली.
५. परवा धाकटी अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे विद्यानगरला आली. त्यात ‘कारण’ असा रकाना आहे.

“ताई, इथं काय भरू? तू तर दिवसभर हेच बघतीस.”

“एंटेरोव्हायरस लिही.”

“त्याला नाव-गाव काही?”

“माहीत नाही.”

“मग लिहिते, आईनं सगळ्या बस्तीला पाजलं, मलाच विसरली.” ती हसली. मला हसता आलं नाही.

मी खरंच दिवसभर हेच बघते. शहराच्या सांडपाण्याच्या बाटल्या प्रयोगशाळेत येतात, आपल्या अफझलगंजच्या नाल्यातलीही येते. पोलिओचे या कुळात तीनच प्रकार. बाकीचे शंभरावर आहेत आणि त्यांतले काही क्वचित पाय नेतात. प्रत्येकाच्या जनुकसाखळीत साधारण साडेसात हजार अक्षरं. पोटात वाढताना, नक्कल होता होता ती चुकत जातात, आणि त्या चुका जुळवून कोण कुणाच्या जवळचा ते मी काढते. गेल्या आठवड्यात आपल्या नाल्यातल्या एकाचा सगळ्यात जवळचा नातलग समुद्रापलीकडच्या देशात सापडला. मध्ये किती घरं, किती न धुतलेले हात, ते कुणालाच सांगता येत नाही. धाकटीचे नमुने कधीच टाकून दिलेले आहेत. वाचायला काही उरलेलं नाही. जे शिकले, ते नेमकं इथं कामाचं नाही.

तो रविवार मात्र मला नीट आठवतो. तू दिवसभर दारोदार फिरून आलेली, खांद्याला लशीचा निळा डबा. शेवटचे दोन थेंब तू धाकटीच्या तोंडात टाकतेस, करंगळीच्या नखाला शाई लावतेस. “ओकली तर सांग, पुन्हा पाजावं लागतं,” असं म्हणून डबा जमा करायला निघून जातेस. पाच मिनिटांत ती ओकते. मी नऊ वर्षांची. तू मला तिला काही भरवू नको म्हणाली होतीस आणि मी तिला उस्मानिया बिस्किट दिलेलं. मी फरशी पुसते, तिचा फ्रॉक बदलते. तू आल्यावर काही सांगत नाही.

पाय गेला तेव्हा नखावर शाई उरली नव्हती. शेजारच्या खाला दारातूनच म्हणाल्या, “पूरी बस्ती कू पिलाए बाई, घर की बच्ची कू भूल गए क्या?” तू दार लोटून घेतलंस. आत येऊन मला विचारलंस, “तिला पाजलं होतं ना गं मी? एवढी तोंडं उघडली त्या दिवशी, आपलंच तोंड आठवेना.”

मी म्हणाले, “मला नाही आठवत.”

तो डोस पोटात राहिला असता तरी फरक पडला नसता. ते थेंब पोलिओवरचे, हा पोलिओ नव्हताच. हे मला आज माहीत आहे. तेव्हा फक्त एवढं माहीत होतं, की तू पाजलं होतंस. तेवढंही मी तुला दिलं नाही. रिपोर्ट आल्यावरही तुझा त्यावर विश्वास बसला नाही. शेवटच्या आजारातसुद्धा तू धाकटीची करंगळी हातात घेऊन बघत बसायचीस.

धाकटीला सांगितलं तर तुझ्यावरचा आळ जाईल. मग ती मला काय म्हणेल, ते मी अजून मनातसुद्धा पुरतं ऐकलेलं नाही. तुला विचारते आहे, कारण तू नको म्हणणार नाहीस आणि हो म्हणणार नाहीस.

अर्ज सोमवारी द्यायचा आहे. तिला सांगू का, ते रविवारपर्यंत कळव.