घरात बोलली जाणारी भाषा

१३ जानेवारी, मंगळवार

तिला स्पॅनिश येतच नाही! एवढी सरळ गोष्ट, आणि तीन वर्षांत शाळेतल्या एकाही माणसाच्या ध्यानात आली नाही.

धुक्यामुळे आज बसगाड्या दोन तास उशिरा आल्या. तिसरीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. म्हणून अनायेलीला घेऊन कोपऱ्यात बसले. इंग्रजीत विचारलं — गप्प. स्पॅनिशमध्ये विचारलं — गप्प, नजर बुटांवर. मग काही न ठरवताच आमच्या मिश्तेक बोलीत तोंडून गेलं, "सकाळी काय खाल्लंस गं?"

पोरगी सुटलीच! टोर्टिया, घेवडा, मांजराने सांडलेलं दूध, तिकडे मेक्सिकोत, ओआहाकाची आजी फोनवर का रडली... श्वास घ्यायला थांबेना.

आणि हिच्या फायलीत काय, तर 'दोन्ही भाषांत मागे. आकलन मंद.' तीन वर्षं हिच्या चाचण्या स्पॅनिशमध्ये घेतल्या. जादा तास स्पॅनिशमधून. तिच्या जागी मी तरी कुठल्या भाषेत उत्तर दिलं असतं?

१४ जानेवारी, बुधवार

आम्हा भाषा-मदतनिसांच्या विभागाच्या प्रमुख डालग्रेन बाईंकडे गेले. त्यांनी संगणकावर बघितलं. शाळेत नाव घालताना पालक जो कागद भरतात, त्यात घरची भाषा स्पॅनिश.

"नेरेइदा, पालकांनी लिहून दिलं त्यावरच आम्ही चालतो."

"मग तो कागदच चुकलाय!"

"असेल. आईला नवा भरून द्यायला सांग. पण सहा फेब्रुवारीच्या बैठकीआधी."

त्या बैठकीत अनायेलीला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत, मंदगती मुलांच्या वर्गात धाडायचं ठरणार. आईची सही झाली की झालं. त्या वर्गातून परत आलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

मूळ कागद मागितला. तो गोदामात आहे, अर्ज कर म्हणाल्या. केला.

तिच्या आईला, एर्मेलिंदा मावशीला, सहीपुरतं लिहिता येतं. म्हणजे कोणीतरी भरून दिला. कोणीतरी आळशी कारकून! घरी काय बोलता, एवढं विचारायलाही त्याचं तोंड दुखलं. त्याचं नाव कळू दे, मी सोडणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

घरी माझ्या माला सगळं सांगितलं. ती द्राक्षाच्या छाटणीवरून आलेली, बोटांना चिकटपट्ट्या.

"पगार त्यांचा खायचा आणि भांडायचंही त्यांच्याशीच! कॉलेजात हेच शिकवलं का?"

"कोणीतरी भांडायला नको?"

"भांड की. जेवून भांड."

मग बाबांना म्हणाली, "बघा तुमची पदवीधर." पण आवाजात चीड नव्हती. आमच्या भिंतीवर हुकिलाच्या मातेच्या तसबिरीशेजारी माझी पदवी आहे आणि तिच्या खाली ते मानपत्र. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मजुरांच्या वस्तीवर, पत्र्याच्या शेडखाली बसून मी सगळ्यांचे शाळाप्रवेशाचे कागद भरले होते, त्याबद्दलचं. ही नोकरीही त्यावरच मिळाली. मा आल्यागेल्याला आधी मानपत्र दाखवते, पदवी नंतर.

२५ जानेवारी, रविवार

एर्मेलिंदा मावशीकडे गेले. नवा कागद सोबत. तिने खुर्ची पुसली, कॉफी ठेवली.

"आपली बोली कागदावर कशाला गं? आधीच पोरीला 'ओआहाकीता', ओआहाकाची अडाणी, म्हणून चिडवतात. आपल्याच देशातल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकोवाल्यांची पोरं!"

"मावशी, लिहिलं तर त्यांना दुभाषा द्यावा लागेल."

"कुठाय दुभाषा?"

"मी आहे ना."

ती खळखळून हसली. "तू एक! आणि पोरं किती?"

मी पुन्हा कागद पुढे केला. तिने तो उलटा करून ठेवला.

"जुना आहे तसा राहू दे. भरणारं माणूस शिकलेलं होतं, मनापासून भरत होतं. त्याची मान कशाला खाली घालायची?"

"न विचारता लिहिणाऱ्याची मान खालीच जायला हवी!" मी म्हणाले. जरा जोरातच.

तिने माझ्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

२९ जानेवारी, गुरुवार

धुकं. गोदामातून काही नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अनायेलीने विचारलं, "बाई, नव्या शाळेत तुम्ही असाल?"

"तू कुठेच जाणार नाहीयेस."

"नक्की?"

"नक्की." म्हणायला नको होतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

टेबलाभोवती सहा माणसं, फोनवर स्पॅनिशचा दुभाषा. माझं बोलणं टिपणात घेता येत नाही म्हणाले — मान्यताप्राप्त यादीत मी नाही, आणि आमची भाषाही नाही. मावशी धुतलेली शाल पांघरून, हात मांडीवर. दुभाष्याच्या दर वाक्याला "सी, सी" — हो, हो. तिला निम्मंही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं.

पेन पुढे आलं. मी मिश्तेकमध्ये म्हणाले, "सही करू नका मावशी. आठवडा मागून घ्या, नवा कागद भरू."

"एवढी माणसं खोळंबलीत बाळा."

आमच्या गावच्या सभेत पंचांनी पुढे केलेला कागद कोणी परत ढकलत नाही. मला का ठाऊक नाही? माझ्या बाबांनीही कधी ढकललेला नाही. एकेक अक्षर रेखत तिने सही केली. मग उठून सहाही जणांचे हात हातात घेतले, आभार मानले. माझाही हात.

डालग्रेन बाई दारात म्हणाल्या, "तू खूप प्रयत्न केलास."

९ फेब्रुवारी, सोमवार

अनायेलीची बस आता पहाटे सहा वाजता येते. तिच्या खणात माझी लाल पेन्सिल राहिली होती, नीट टोक केलेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गोदामातून पाकीट आलं. घरात बोलली जाणारी भाषा: स्पॅनिश. फोन नंबरातल्या सातांना मधून आडवी रेघ, बाबांनी मला शिकवली तशी. खाली मावशीची रेखलेली सही. बाकी सगळं अक्षर माझं.

तो प्रश्न मी त्या दिवशी कोणालाच विचारला नव्हता. रांग मोठी होती.

मावशीला माहीत होतं. कॉफी देतानाही माहीत होतं.

आत्ता भिंतीपाशी जाऊन मानपत्र पुन्हा वाचलं. 'एका दिवसात चौसष्ट मुलांचे कागद.'