आरशासारखा डेक

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. भावोजींना नमस्कार आणि भाचीला मामाकडून एक गोड धपाटा.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की आई शेजारी बसून माझी अर्धी वाक्यं स्वतःच पुरी करते, म्हणून हा उद्योग.

तर मोठी बातमी अशी की आईनं यंदा होडीचा डेक माझ्या ताब्यात दिलाय. तुला माहितीये, बाबा गेल्यापासून त्या ब्रशला तिनं कुणाला शिवू दिलं नव्हतं. आता म्हणते, गुडघ्यावर बसून खरवडणं जमत नाही, तू गावभर लोकांची कपाटं चमकवत फिरतोस तर घरचंही एक काम कर. टोमणाच होता, पण मला शाबासकीसारखा लागला बघ.

जुना रंग काढणं म्हणजे काय काम आहे, विचारू नकोस. त्यात वाळू, तीही थरावर थर. द्रावण लावायचं, रंगाला फोड आले की पत्र्यानं ओरबाडायचं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात काचपेपर घेऊन घासत बसायचं. एका जेवणाच्या टेबलाला पुरेल एवढा काचपेपर नुसत्या डोलकाठीच्या बुडाशी खपला. माझी कंबर माझी राहिलेली नाही. पण खालचा डेक उघडा पडला तेव्हा वाटलं, वा! किती सपाट, किती देखणा. इतकी वर्षं उगाच खरजेखाली झाकलेला.

आईनं मला सगळं पढवून ठेवलंय. आधी अस्तर, मग रंगाचा एक दमदार हात, तो ओला असतानाच चाळणीनं बारीक वाळू पेरायची. वाळल्यावर सुटी वाळू झाडायची आणि वरून दोन पातळ हात. डेक ओला झाला की ही खरखरच पाय धरून ठेवते म्हणे. पण ताई, वाळू पेरलेला रंग म्हणजे घामोळं आलेली पाठ गं! मी पॉलिशवाला माणूस. खरखरीत दिसलं की माझे हात शिवशिवतात. बघू कसं काय जमतंय.

पत्राचं उत्तर दे, नुसतं वाचून डब्यात टाकू नकोस.
तुझा लाडका (हे मीच ठरवलंय),
धाकटा

ता. १५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कंबरेला तेल लावून घे.

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, हे खो खो हसले. म्हणाले, मेव्हण्याला एकदा आमच्या गॅलरीचा कठडा दाखवा, लोखंडालाही पॉलिश करून जाईल. खोटं नाही. लहानपणी तू शाळेचं दप्तर सोडून बाक पुसत बसायचास, बाई आईला बोलावून विचारायच्या की पोराला काही त्रास आहे का.

त्या डेकची माझी आठवण म्हणजे सोलवटलेले गुडघे. आई शीड वळवताना ओरडून खाली बसायला सांगायची आणि आपण बसलो की कातडं तिथंच राहायचं. तेव्हा एकदाचा तो डेक मऊ गुळगुळीत करून टाक बाबा, सात पिढ्यांचे गुडघे दुवा देतील!

आई बरी आहे ना? मागच्या खेपेला मला जरा वाळल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणाली, वारा खाऊन पोट भरतं माझं. रविवारी अजूनही एकटीच होडी काढते का? तू सोबत जात जा. तिनं नको म्हटलं तरी जात जा.

काम झालं की कळव. मायेत खंड नाही, हे तुला सांगायला नकोच.
ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धवट कळलंच आहे. रविवारी सकाळी आई होडीवर पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. डोक्याला मार नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढ्यावर निभावलं हे नशीब.

कशी पडली ते नीट सांगता येत नाही. धक्क्यावरून डेकवर पाय ठेवला आणि दुसऱ्या पावलाला गेली. धक्क्यावरचे लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं चक्कर आली असणार, वय झालंय. आईनं मान डोलावली. मग सगळे तेच म्हणायला लागले.

तू लगेच निघू नकोस, भाचीची परीक्षा आहे. मी दुकान बंद ठेवून घरीच आहे. होडीवर ताडपत्री टाकलीये.

तुझा,
धाकटा

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं एवढंसं पत्र दोनदा उलटून पाहिलं. एक थट्टा नाही, एक बढाई नाही. घाबरलास ना? मीही घाबरलेय.

आमच्या डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले चक्कर आली असेल तर कान, रक्तदाब, साखर सगळं तपासायला हवं. शेवटी ती पडलीच ना, आणि पाण्याच्या काठावर पडली. एकटी असती तर? मला तर विचारही करवत नाही. मी ठरवलंय, परीक्षा झाली की येऊन तिला इकडे घेऊन येते. मागची खोली रिकामी केलीये, शिवणाची मशीन बाहेर काढली. फोनवर तिला सांगितलं तर मला वाटलं होतं भांडेल, घर डोक्यावर घेईल. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं! आपली आई, धाकट्या! वर म्हणाली की होडी कुणा शिकणाऱ्या पोरांना देऊन टाकू, आता माझा माझ्या पायांवर भरवसा नाही. फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तिच्याजवळ होतास हेच खूप झालं. तुझ्यामुळेच मला इथं झोप लागते.

सांभाळ दोघांना, तिला आणि स्वतःला.
ताई

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यामुळे तुला झोप लागते, या तुझ्या ओळीमुळे हे पत्र लिहितोय. गेले कित्येक दिवस लिहितो आणि फाडतो. आज फाडणार नाही.

आईला चक्कर आली नव्हती. डेक घसरडा होता. मी केला होता.

वाळू मी पेरली होती गं, आईनं सांगितलं तशीच. सकाळी वाळलेली पाहिली आणि मला ती बघवेना. मग म्हटलं, जरा टोकं मारू. काचपेपर फिरवला. जरा म्हणता म्हणता सगळी खरखर गेली, आणि वर मी चकचकीत रंगाचे हात चढवले. शेवटचा हात वाळला तेव्हा ढग दिसत होते त्यात. होड्यांच्या यार्डाचा राखणदार आला, वाकला आणि डेकमध्ये बघून भांग पाडून गेला. मी हसलो. मला वाटलं, आई बघेल आणि म्हणेल, हे माझ्या पोराचं काम. म्हणून तिला दाखवलंच नाही, ताडपत्रीखाली ठेवून म्हटलं, वाळतोय.

रविवारी धुकं होतं. ताडपत्री ओढली, डेकवर दव उतरलं. आईनं चपला काढल्या, पाय उचलला, आणि मला विचारलं की वाळू नीट घातलीस ना. मी घातली म्हणालो. घातली होतीच ना! हे उत्तर मी मनाशी इतक्या वेळा घोकलंय की त्याचीच शिसारी येते. तिनं माझ्यावर विश्वास टाकून पाय टाकला.

लोक चक्कर म्हणाले तेव्हा मी गप्प बसलो. दुसरं काही केलं नाही, फक्त गप्प बसलो. तेवढं पुरलं.

आता ऐक घरात काय चाललंय ते. आई भिंत धरून चालते. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत डावा तळहात भिंतीवर. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आधी अंगठा टेकवून बघते, थंड पाण्यात उतरल्यासारखी. शेजारच्या काकूंनी काठी आणून दिली, ती आईनं दाराआड ढकलून दिली होती. काल मी भाजी घेऊन आलो तर ती काठी घेऊन चालायचा सराव करत होती. मला पाहून पटकन खाली ठेवली, चोरी पकडल्यासारखी. ताई, लाज तिला वाटत होती! माझ्या आईला, स्वतःच्या पायांची! आणि मी भाजी निवडत बसलो.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. मला वाटतं, आधी डेक पुन्हा खरवडून नीट करावा आणि मग सांगावं. निदान हातात काहीतरी असेल. तुला काय वाटतं?

शिव्या दे, पण उत्तर दे.
धाकटा

ता. ७ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. आधी शिव्या, आणि त्या कागदावर मावणार नाहीत.

आधी डेक नाही, आधी आई. हात रिकामे घेऊन तिच्यासमोर जा. तू डेक नीट करेपर्यंत ती आणखी दहा वेळा भिंत धरेल, त्यातली एकेक तुझ्या नावावर. कानाची तपासणी झाली, रक्त काढून झालं, डॉक्टर म्हणतात काही सापडत नाही. त्यावर ती मला म्हणाली, म्हातारपण रक्तात दिसत नसतं. हे ऐकून मी तिची समजूत घालत बसले होते रे, मूर्खासारखी!

आणि गुळगुळीत कर म्हणून लिहिणारी मीच होते. तू ते तुझ्या पत्रात काढलं नाहीस. काढलं असतंस तर मला हलकं वाटलं असतं. मी गंमत केली होती, पण आईनं सांगितलेलं मोडायला तुला तेवढंच निमित्त लागलं असेल तर त्यात माझाही हात आहे. तेही तिला सांग. माझं नाव वगळू नकोस.

मी फोनवर तिला काही सांगणार नाही. तुझ्या तोंडून ऐकू दे. आणि हे पत्र वाचून झालं की लगेच उठ, चहा वगैरे नंतर.

राग आहे. माया त्याच्या खालीच आहे, शोधत बसू नकोस.
ताई

ता. २ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंना आणि नातीलाही.

प्लास्टर निघालं, पण हात आखडलाय. अक्षराला हसू नकोस. फोनवर तू नुसतं रडतेस म्हणून लिहिते.

धाकटा त्या दिवशी स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. शाळेतून चिठ्ठी आणलेल्या पोरासारखा. एका दमात सगळं सांगून टाकलं, तुझं नावही घेतलं. त्याला म्हटलं, यार्डात ने मला. होडीवरची ताडपत्री काढायला लावली. एक तांब्या पाणी डेकवर ओतायला लावलं. धक्क्यावर बसले, आणि एक पाय खाली सोडून डेकवर टेकवला. पाय सर्रकन गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा गेला. मग मी तिथंच बसून रडले. तो गयावया करायला लागला, त्याला वाटलं दुखतंय. वेडा. माझे पाय चांगले आहेत, म्हणून रडले.

मग उठले आणि त्याच्या कानाखाली एक दिली. डावा हात मोकळा होता. राखणदार बघत होता, त्यानं तोंड फिरवलं.

घरी येताना मी भिंत, कठडा, काही धरलं नाही. काठी काकूंच्या दारात ठेवून आले. तेव्हा तुझ्याकडे राहायला येत नाही. खोली लावून ठेवलीस, तुझ्या जिवाची तगमग मला कळते, पण मशीन परत आत घे. पाहुणी म्हणून येईन, परीक्षा संपल्यावर.

तुला एक सांगते, त्याला अजून सांगितलेलं नाही. डेक घसरडा झाला, होतं. हातचं काम बिघडतं, माझंही बिघडलंय. पण त्यानं वाळू घातली म्हटलं, म्हणून पडल्यावर मी ताडपत्री उचलूनसुद्धा पाहिली नाही. मला वाटलं पोरगा म्हणतोय म्हणजे घातलीच असणार, तेव्हा चूक माझ्याच पायांची. त्याच्यावर संशय घेण्याऐवजी मी स्वतःच्या पायांवर घेतला. ते त्याला कळलं तर तो जेवणार नाही, म्हणून गप्प आहे.

त्यानं सगळा रंग पुन्हा काढला. कुणाला हात लावू दिला नाही. बोटं सोलवटली, नखं काळी झाली. दुपारी जेवायलाही यायचा नाही, लाजेनं. मीच डबा घेऊन जायचे आणि लांब बसायचे. काल संध्याकाळी आला आणि म्हणाला, डेक तयार आहे, वाळलाय, उद्या चल.

आज सकाळी गेलो. तो बाजूला उभा राहिला, खाली मान घालून. मला वाटलं होतं आपण नेहमीसारख्या चपला काढू आणि सरळ चढू. नाही जमलं गं. मी गुडघ्यावर बसले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवून पाहिला. चांगली खरखर आहे, एकसारखी, माझ्याहून चांगली पेरलीये. तो बघत होता. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या पोराचं सांगणं तपासून घेतलं, आणि मला त्याच्यासमोर फार लाज वाटली.

मग चढलो दोघं. वारा बरा होता. सुकाणू मी धरलं, शीड त्यानं सांभाळलं. दुपारी परतलो.

तू त्याला लिही. चांगलं लिही.
पाय उत्तम आहेत.
तुझी,
आई