पप्पांच्या कानाचं पॅन

लंडन, १० नोव्हेंबर

ती. युलरिकदादास,
सा. न. वि. वि.
तुझा फोनवर विश्वास नाही, तेव्हा घे पत्र. आपल्या बेटांवरून आलेल्या चित्रकार-वादकांचं इथे उन्हाळ्यात मोठं प्रदर्शन भरतंय आणि त्यात माझी निवड झाली. मी निघताना पप्पांनी तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून, सूर लावून दिलेलं पॅन मधोमध मांडणार, भोवती माझी चित्रं, आणि रोज संध्याकाळी मी वाजवणार. पॅनला गंज चढला होता, म्हणून कालच क्रोमच्या मुलाम्याला टाकलं. मुलाम्याने सूर हलतात हे मला शिकवू नकोस, सूर लावणाऱ्याचीच पोर आहे मी. नाताळात घेऊन येतेच आहे. पप्पा आधी तासभर शिव्या देतील, मग दोन तासांत सूर लावून देतील, बँडच्या पॅनांना दरवर्षी लावतात तसे. त्यांना हातोडी काढून ठेवायला सांग. आणि टांटी फिलोमीनला म्हणावं, मावशी, काळ्या केकात रम घालताना हात आखडू नकोस.
लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी एव्हरिल

लाव्हेंटिल, १२ नोव्हेंबर

चि. एव्हरिल हिस,
अनेक आशीर्वाद.
बातमी वाईट आहे, बसून वाच. पप्पांचे कान गेले. वर्षभर ते लपवत होते आणि आम्हाला कळलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी बँडच्या सगळ्या पॅनांचे सूर लावले ते सगळे बेसूर. चाळीस माणसं तशीच वाजवत राहिली, सांगायची एकाचीही छाती झाली नाही. भित्रे लेकाचे. शेवटी टांटीने कागदावर लिहून दाखवलं. तेव्हापासून हातोडी खिळ्याला टांगली आहे आणि पप्पा बँडच्या अंगणाकडे पाठ करून बसतात. जेवणाचं नावच काढत नाहीत.
बँडने गार्व्हिन नावाचा नवा सूर लावणारा आणलाय. प्रामाणिक माणूस आहे. तो म्हणतो, मशीनवर सूर लागतील, पण म्हाताऱ्याचा गोडवा येणार नाही. त्यांनी कान शाबूत असताना लावलेलं एक पॅन मिळालं, तर त्यावरून एकेक सूर उतरवून घेईन. असं पॅन आता एकच उरलंय, तुझं. हे मी पप्पांना लिहून दाखवलं, तर त्या दिवशी पोटभर जेवले. नाताळात ते मांडीवर घेऊन ये आणि तोवर कुणाला बोटही लावू देऊ नकोस.
तुझा दादा

लंडन, २४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.
आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुला काय वाटलं असेल ते लिहू नकोस. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी पॅन परत आलं होतं. चकचकीत झालंय. मधल्या गोलातले वरचे सूर वाजवले, तर एकही जागेवर नव्हता. पप्पांचा कान मीच माझ्या हाताने पुसून टाकला. पप्पांना सूर लावता आले नाहीत तर, हा विचार एकदाही मनात आला नाही. त्यांना सांगू नकोस. मी येते. काय करायचं ते सुचत नाही.
एव्हरिल

लाव्हेंटिल, ९ जानेवारी

चि. एव्हरिल हिस,
आशीर्वाद.
विमानतळावर तू रडत होतीस आणि मी नुसता तुझ्या बॅगांचे पट्टे आवळत बसलो, म्हणून लिहितो. नाताळच्या सकाळी पप्पांनी तो मुलामा पाहिला आणि खिळ्यावरची हातोडी काढली, ते तू पाहिलंसच. दोन तास बोटांनी चाचपत ठोकत होते. मग विचारलं, कसं झालंय. तू छान म्हणून मान डोलावलीस, टांटीने डोलावली, मीही डोलावली. बँडला भित्रे म्हणणारा मीच. तू वाजवत होतीस तेव्हा ते पायाने ठेका धरून तुझ्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, निभावलं.
तू गेल्यावर मला म्हणाले, पोरीच्या काठ्या मधल्या गोलात एकदाही गेल्या नाहीत. चांगल्या सुराला कुणी वळसा घालत नाही रे. मग हातोडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, त्या गार्व्हिनला सांग, मशीनच वापर.
त्यांचा तुझ्यावर राग नाही, असं लिहिणार होतो. पण मी त्यांना विचारलेलं नाही. ते खरं सांगतील, याचीच भीती वाटते.
लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा दादा